वेलीला मी घातलेलं पाणी

माझ्या सुनेला वाटतं, तिचा हात लागला म्हणून आमच्या परसातली टरबुजाची वेल जळाली. ते खरं नाही. वेल मी जाळली. तिला हे सांगायला मी दोन उन्हाळे लावले, आणि मधल्या काळात जे व्हायला नको होतं ते होऊन गेलं.

मी मुळात कमी बोलणारी. सासरी आले तेव्हापासून सगळे त्याला माझा गुण समजत आले. ‘बाई गरीब हाय, वर तोंड करून बोलत न्हाई,’ असं माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, पाहुण्यांना सांगायच्या. मलाही तो गुणच वाटायचा. गप्प राहून माणूस किती नुकसान करू शकतं, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

आमचं गाव राजूरपासून जवळ. घरामागे न्हाणीच्या पलीकडे थोडी जागा आहे, तिथं मी दर वर्षी टरबूज लावते. विकायला नाही, घरापुरतं. आमच्याकडे ते सोपं नसतं. संक्रांत होऊन गेली तरी पहाटेचा गारठा जात नाही, आणि गारठ्यात टरबुजाचं बी मातीतच कुजतं. इकडे चैत्र संपत आला की अंगणातलं बोअर खाकरायला लागतं. आधी पाणी येतं, मग पाण्यात हवा, मग नुसतीच हवा. थंडी जायची आणि बोअर आटायचं, या दोन्हींच्या मधे जेवढे दिवस मिळतील तेवढ्यात फळ हातात आलं पाहिजे. म्हणून मी बी ओल्या फडक्यात बांधून उकिरड्यात पुरते. शेणाच्या उबेनं त्याला लवकर कोंब येतो. मग दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून रोपं करायची आणि दिवस मावळला की त्या पिशव्या चुलीच्या कडेला आणून ठेवायच्या. बाहेरचा गारठा सरेपर्यंत रोपाला चार पानं आलेली असतात. तेवढेच दिवस वाचतात.

मुलाचं लग्न झालं आणि सून आली. मंठ्याकडची पोरगी, बीए झालेली, हसरी. नवरा आणि मुलगा दोघं सकाळी जालन्याला कामाला जातात ते दिवेलागणीला येतात. घरात आम्ही तिघी बायाच. आत्याबाई, मी आणि ती. ती मला मम्मी म्हणते आणि आत्याबाईंना आजी.

पहिल्याच हिवाळ्यात तिनं चुलीपाशी त्या पिशव्या बघितल्या.

“मम्मी, ही लेकरं कुणाची?”

“टरबुजाची.”

“मंग त्यांना गोधडी घाला की!” असं म्हणून खरंच तिनं एक जुनं पोतं आणून पिशव्यांभोवती गुंडाळलं.

रोपं बाहेर लावल्यावर ती रोज परसात जायला लागली. वेल पसरली, फुलं आली, पण फळ धरेना. मागं इवलंसं फळ असलेलं फूल उमलायचं आणि दोन-चार दिवसांत पिवळं पडून गळायचं. तिनं मोबाइलवर काय काय बघितलं आणि मला सांगितलं, “मम्मी, मधमाशाच न्हाईत आपल्याकडं. आपल्यालाच लग्न लावावं लागंल.” नराचं फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागं सारायच्या आणि मधली पिवळी पूड मादीच्या फुलात हलकेच टेकवायची. हे ऊन चढायच्या आत करावं लागतं. नंतर फूल मिटतं. ते ती करायची, तिचे हात बारीक होते. मी शेजारी उभी राहून बघायची. खोटं कशाला सांगू, मला फार चांगलं वाटायचं. माझ्या लग्नानंतर या परसात माझ्याबरोबर कुणी असं हसत उभं राहिलं नव्हतं.

फळं धरली. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि बोट करून म्हणाल्या, “अगं बया, हे केवढं झालं!”

सून ओरडली, “काकू, बोट दाखवू नका! सडतं. वाकडं करून दाखवा.”

काकू हसल्या. “तुझ्या सासूनं लगेच शिकवलं व्हय?”

“शिकवलं न्हाई, दम दिलाय.”

त्यानंतर बरेच दिवस ती घरातली कुठलीही वस्तू, मीठ असो की चप्पल, वाकड्या बोटानंच दाखवायची.

आता एक गोष्ट सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. वेलवर्गी झाडाला बाईचा विटाळ चालत नाही, असं आमच्याकडे मानतात. पाळीतल्या बाईनं वेलीला हात लावला, नुसती तिची सावली पडली, तरी वेल वाळते म्हणतात. मी नवी होते तेव्हा पाळीत बाहेर बसायचे, गोठ्याच्या कडेला, वेगळं ताट-तांब्या घेऊन. पावसाळ्यातसुद्धा. पुढे आत्याबाईंची नजर अधू झाली आणि मी ते हळूहळू बंद केलं. बंद केलं म्हणजे त्यांना सांगितलं नाही, एवढंच. सून आली तेव्हा तिला म्हणाले, “आपल्याकडं बाहेर बसायचं काही न्हाई. फक्त आजीला बोलायचं न्हाई.” ती म्हणाली, “बरं झालं बाई, मला वाटलं आता गोठ्यात मुक्काम.” आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, मी फार मोठं काम केलं.

वेल फुलावर होती तेव्हा एका सकाळी सून न्हाणीपाशी थांबली. हळू आवाजात म्हणाली, “मम्मी, मला आलीये. आज फुलांचं तुम्ही करता का?”

माझे हात पिठात होते. मी म्हणाले, “जा, तूच कर. ऊन चढून राह्यलंय. कुणाला कळतंय?”

म्हणजे मीच पाठवलं तिला. हे वाक्य मी माझ्याच तोंडानं बोलले होते आणि पुढे जे झालं त्यात मी ते विसरल्यासारखं केलं.

त्याच महिन्यात बोअर खाकरायला लागलं होतं. मुलानं घरात पाण्याचं फिल्टर बसवून घेतलं होतं. प्यायचं पाणी एका नळीतून येतं आणि दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी बाहेर पडतं. एक हंडा प्यायला मिळाला तर दोन बादल्या वाया. माझा जीव तुटायचा. त्या पाण्यानं मी आधी फरशी पुसली, भांडी घासली. मग वाटलं, हे परसात का नको? पाणी ते पाणी. फिल्टर बसवणाऱ्या माणसानं जाताना सांगितलं होतं, “काकू, हे झाडाला नका घालू, सगळा खार ह्यात उतरतो.” मी ऐकलं होतं, आणि मनात म्हटलं होतं, ह्याला काय माहीत पाण्याची किंमत. मी रोज दोन बादल्या वेलीच्या बुडाशी ओतल्या. सून म्हणाली होती का, हे कुठलं पाणी? म्हणाली असेल. मी सांगितलं असेल, आहे आपलं. आठवत नाही.

आधी पानांच्या कडा करपल्या, जशी भाकरीची कड करपते तशी. मग वेल दुपारी मान टाकायला लागली. मी आणखी पाणी घातलं. तेच पाणी. तांब्याएवढी झालेली फळं मऊ पडली. एका सकाळी बघितलं तर वेल उठलीच नव्हती. पानं दोरीवर वाळत घातलेल्या फडक्यांसारखी लोंबत होती.

आत्याबाईंना नीट दिसत नव्हतं, पण कुणीतरी सांगितलं. त्या काठी टेकत परसात आल्या, वाकून पान हातात चुरगाळलं, त्याचा चुरा खाली पडला.

“ह्या पंधरा दिसात कुणाला कावळा शिवला व्हता का?”

सून माझ्या बाजूला उभी होती. ती हसली. “आजी, असं कुठं असतं का? रोग पडला असंल.”

हसून झाल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. मीही हसावं म्हणून ती थांबली होती. दोघींनी मिळून हसायचं होतं, जशी आम्हाला सवय होती.

मी हसले नाही. मी तिच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. आत्याबाईंना अधू डोळ्यांनीही आम्ही कुणीकडं तोंड केलंय ते कळलं, आणि सुनेचा आवाज बंद झालेला ऐकू आला.

“म्हणजे हीच गेल्ती,” आत्याबाई म्हणाल्या.

मी तसं का बघितलं, याचा मी पुष्कळ विचार केला. भीती होती, हे एक. विटाळ बंद केल्याचं बाहेर आलं असतं तर बोलणी मला बसली असती. पण खरं कारण त्याहून वाईट आहे. करपलेल्या कडा बघून माझ्या मनात तो फिल्टरवाला माणूस आधीच येऊन गेला होता. मला संशय होता. आणि दुसऱ्या कुणाचं तरी नाव निघालं तेव्हा मला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वेल उपटायला गेले. बुडाशी मातीवर पांढरा थर धरला होता. बोटाला लावून चाखला. खारट. एवढा की थुंकावं लागलं. मी फावड्यानं ती माती उलटी केली, वरून चांगली माती टाकली आणि घरात येऊन स्वयंपाकाला लागले. त्या दिवसापासून ते पाणी मोरीत सोडलं. कुणी विचारलं नाही, का सोडलं.

आत्याबाईंनी पाळीत बाहेर बसायची रीत पुन्हा सुरू केली. आता गोठ्यात नाही, पत्र्याच्या खोलीत, जिथं खताच्या गोण्या असतात. मुलगा मला म्हणाला, “मम्मी, तू बोल ना आजीला. काय चाललंय हे?” मी म्हणाले, “म्हातारं माणूस हाय. किती दिवस? बोलून डोकं फिरवायचं का त्यांचं?” तो बायकोला म्हणाला, “चार दिवसांचाच प्रश्न हाय ना.” पोरगी त्या खोलीत बसायला लागली. पहिल्या महिन्यात ती मोबाइल घेऊन बसली आणि मला हाक मारून म्हणाली, “मम्मी, इथं रेंज चांगली येते!” दुसऱ्या महिन्यात तसं काही म्हणाली नाही. तिसऱ्या महिन्यात मी ताट ठेवायला गेले तर तिनं हात मागं घेतला. मला शिवू नये म्हणून. मी तिला सांगितलं नव्हतं तसं. कुणीच सांगितलं नव्हतं.

परसात जाणं तिनं सोडलं. लोणच्याच्या बरणीला हात लावेना. पापडाच्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून झोपून राहिली. मी म्हणायचे, “ये की गं.” ती म्हणायची, “नको मम्मी, माझ्या हातचं टिकत न्हाई.” एखादी बाई ‘मला भात जमत न्हाई’ म्हणते, तशा साध्या आवाजात.

मग तिला दिवस गेले. घरात सगळ्यांना आनंद झाला. मला जास्त, कारण मला वाटलं आता सगळं आपोआप पुसलं जाईल, मला काही बोलावं लागणार नाही. तिसऱ्या महिन्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. जालन्याला दवाखान्यात नेलं. राहिलं नाही.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं, पहिल्या खेपेला असं पुष्कळ जणींचं होतं, यात कुणाचं चुकलेलं नसतं. त्या गेल्यावर मी खाटेच्या कडेला बसले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, “वेलीसारखंच झालं, मम्मी.”

तिथं सांगायला पाहिजे होतं. त्याहून योग्य वेळ देवानंसुद्धा दिली नसती. मी तिच्या पायावरची चादर सारखी केली आणि म्हणाले, “असं बोलू नये.” बाजूच्या खाटेवर बाई होती, तिची माणसं होती, नर्स ये-जा करत होती, हे सगळं मी स्वतःला नंतर सांगितलं. त्या वेळी माझ्या मनात एकच होतं. आता सांगितलं तर ही विचारेल, इतके दिवस का नाही सांगितलं. तेव्हा एका वर्षाचं उत्तर द्यायचं होतं. ते मला जड वाटलं.

मधलं एक वर्ष मी टरबूज लावलंच नाही. या वर्षी पुन्हा लावलं. बी उकिरड्यात पुरलं, पिशव्या चुलीपाशी ठेवल्या. या वेळी पोतं मीच गुंडाळलं. ती त्या पिशव्यांना वळसा घालून जायची, पदर आवरून. फुलांचं मीच केलं. माझी बोटं जाड, नजर जवळचं धरत नाही. बरीच फुलं वाया गेली. तरी काही फळं धरली. बोअरचं चांगलं पाणी मोजून घातलं, बुडाशी पाचोळा पसरला, फळांखाली विटा दिल्या. माझ्या मनात ठरलेलं होतं. फळ पिकलं की घरात आणायचं, दोघींच्या समोर कापायचं आणि सांगायचं. रिकाम्या हातानं सांगायची माझ्यात हिंमत नव्हती, म्हणून मला फळ पाहिजे होतं.

एका फळाच्या देठाशेजारचं वळणदार सूत वाळलं, म्हणजे फळ पिकलं. उचलून बघितलं तर खालची बाजू लोण्यासारखी पिवळी झाली होती. टिचकी मारली, बदबद आवाज आला. तोडलं, आणि पदरात धरून घरात आणलं. आत्याबाई बाजेवर होत्या, सून मेथी निवडत होती. मी खाली बसून सुरी लावली. ते आपोआप तडकत गेलं. आतून लाल होतं, बिया काळ्या.

मी खाली बघतच बोलले. “आत्याबाई, त्या वर्षीची वेल हिच्यामुळं न्हाई गेली. मी फिल्टरचं वाया जाणारं पाणी घातलं व्हतं, खारं. त्यानं जळाली. हिला परसात मीच पाठवलं व्हतं. आणि मातीला खार आलाय हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं व्हतं.”

 आत्याबाई म्हणाल्या, “मंग दोन वरसं कुठं गेल्ती तुझी जीभ?”

मी सुरी खाली ठेवली.

“सुनेला ह्यातनं वर काढायला निघाली,” त्या भिंतीला बोलल्यासारख्या म्हणाल्या. “काढ बाई. माझं काय, मी आज हाय, उद्या न्हाई.”

मी सुनेकडं वळले. ती मेथीच निवडत होती.

“ऐकलं का गं?”

“ऐकलं मम्मी.”

“खरं सांगून राह्यले मी.”

“राहू द्या ना, मम्मी.” ती हळू बोलली, आजारी माणसाला समजवावं तशी. “मला माहिती आहे तुम्ही असं का म्हणून राह्यल्या. दवाखान्यात त्या डॉक्टरबाई पण म्हणाल्या, कुणाचं चुकत न्हाई. माझी आई पण म्हणते. सगळे असंच म्हणतात.”

“अगं, मी माती चाखली व्हती! फिल्टरवाल्यानं सांगितलं व्हतं मला!”

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं, आता ती चिडेल. मला तेच पाहिजे होतं. तिनं ताट फेकलं असतं, माहेरी निघाली असती, तरी मी हात जोडले असते.

“न्हाई मम्मी,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही बोलल्या असत्या. मी त्या पत्र्याच्या खोलीत बसले, दवाखान्यात पडले, तुम्ही माझ्या उशाशी व्हत्या. माहीत असून तुम्ही गप बसल्या असत्या का? तुम्ही एवढ्या वाईट न्हाईत.”

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. ‘दवाखान्यातसुद्धा मला माहीत होतं.’ एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर कदाचित तिचा विश्वास बसला असता. तिचा माझ्यावरचा विश्वास गेला असता आणि तिच्या हातावरचा परत आला असता. दोन्ही तिच्याकडे एकदम राहणं शक्य नव्हतं.

पण ‘एवढ्या वाईट न्हाईत’ हे ऐकून मला बरं वाटलं. तेवढा एक क्षण फार बरं वाटलं. दोन वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. आणि त्या बरं वाटण्यात मी गप्प बसले.

तिनं एक फाक उचलून बिया काढल्या, बारीक तुकडे केले आणि आजीला वाटीत दिले. उरलेल्या फाका ताटात लावून झाकून ठेवल्या, संध्याकाळी दोघं येतील म्हणून. मी म्हणाले, “तू घे की.” ती म्हणाली, “मला नको मम्मी, गोड जात न्हाई आजकाल.” आणि मेथी धुवायला मोरीकडे गेली.

त्याला आता दीड महिना झाला. दर महिन्याला ती स्वतःहून ताट-तांब्या घेऊन त्या खोलीत जाते. आत्याबाई परवा म्हणाल्यासुद्धा, “बास झालं गं, घरात बस.” ती म्हणाली, “असू द्या आजी, मला तिथंच बरं वाटतं.”

मी भाकरी घेऊन जाते आणि उंबऱ्याच्या बाहेर ठेवते. मी निघून गेल्याशिवाय ती उचलत नाही.